आप्पांनी ऐकलेली गोष्ट

आप्पा सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दारातून आत आलं की आधी उलट्या पडलेल्या खुर्चीचे चार पाय दिसायचे, मग काथ्याचा ढीग, मग आप्पा. बारीक खिळे, म्हणजे चुका, ओठांत धरून काम करायची त्यांची सवय होती. एकेक चूक जिभेनं पुढे आणायची, बोटांत धरायची आणि हातोडीच्या एका टोल्यात बसवायची. गिऱ्हाईक बोलत राही, आप्पा नुसते हुंकार देत. “माझ्या तोंडात चुकाच इतक्या असतात की बोलायला जागा उरत नाही,” असं ते म्हणायचे. त्यांच्या दोन्ही मुली या विनोदाला दर वेळी हसायच्या, लहानपणी खरंच हसू यायचं म्हणून आणि मोठेपणी आप्पांना बरं वाटावं म्हणून.

बोलण्याचं खातं थोरलीकडे होतं. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. थोरलीनं कॉलेज सोडलं आणि एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत नोकरी धरली. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. धाकटी रडायला लागली तेव्हा ती म्हणाली, “तू शीक गं ताईसाठी. घरात एक तरी शहाणं माणूस हवं. मी ही अशी, आणि आप्पा तोंडात लोखंड घेऊन बसतात.”

लाँड्री तळघरात होती. तिथं कायम वाफ असायची. धुतलेली ओलसर चादर दोघींनी दोन टोकांना धरून तापलेल्या रुळांत सरकवायची, पलीकडून ती कडक होऊन बाहेर यायची. ताईच्या बोटांची टोकं त्यानं गुळगुळीत झाली होती. घरी आली की तिच्या केसांना साबणाचा आणि गरम कापडाचा वास यायचा, आणि चहा पिता पिता ती दिवसभराच्या गमती सांगायची. कुणी उशीच्या अभ्र्यात दातांची कवळी विसरून गेलं होतं, कुणा नवऱ्याबायकोनं एकाच पलंगावर मधोमध टॉवेलांची भिंत रचली होती. “माणसं काय खरं सांगणार?” ती म्हणायची. “मला चादर दाखवा, मी सांगते रात्री भांडण झालं की नाही.” आप्पा चुका ओठांत धरून हसायचे आणि एखादी खाली पडायची.

त्या हॉटेलात सामानाची एक लिफ्ट होती. माणसांसाठीच्या लिफ्टला आरसे होते. हिला साधं लोखंडी दार होतं, आणि त्या दारात खोट होती. लिफ्ट आलेली नसतानाही ते कधी कधी उघडायचं. लाँड्रीतल्या बायकांना ते ठाऊक होतं. ताईनं मॅनेजरला सांगितलं. “बघतो,” तो म्हणाला. काही दिवसांनी तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुम्हाला भीती लिफ्टची वाटते की कामाची?” बायका हसल्या. ताईसुद्धा हसली. घरी येऊन तिनं तो किस्सा मॅनेजरच्या आवाजात करूनही दाखवला.

एका सकाळी ती वरच्या मजल्यावरच्या वापरलेल्या चादरी गोळा करून खाली न्यायला निघाली. ट्रॉली गच्च भरलेली होती. भरलेली ट्रॉली उंबऱ्यावरून ढकलता येत नाही, तिच्याकडे तोंड करून उलटं चालत ओढावी लागते. दार उघडलं, ताईनं ट्रॉली ओढत मागे पाऊल टाकलं. मागे लिफ्ट नव्हती. ट्रॉली तिच्यामागोमाग गेली.

चौकशी झाली. एका लांबट टेबलाच्या एका बाजूला हॉटेलची माणसं आणि दुसऱ्या बाजूला आप्पा नि धाकटी. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हात मांडीखाली दाबून धरले होते. मॅनेजर शांत, स्वच्छ आवाजात बोलला. “कर्मचाऱ्यानं मागे न पाहता पाऊल टाकलं,” तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून त्याला खोडूनही काढता येईना. आप्पा एवढंच बोलले, “ट्रॉली ओढताना मागे कोण बघतं, साहेब?” मॅनेजर बोलताना टेबलाकडे बघत होता. त्यानं शेवटी दुःख व्यक्त केलं, तेही टेबलाकडे बघूनच. दोष ताईच्या निष्काळजीपणावर गेला, मॅनेजर दुसऱ्या, आणखी मोठ्या हॉटेलात गेला, आणि लिफ्टचं दार दुरुस्त झालं.

आप्पा काम करत राहिले. धाकटी शिकून चष्म्याच्या दुकानात लागली. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, फ्रेम बसवून द्यायची. सुट्टीच्या दिवशी ती गोष्टी लिहायची. साध्या, हलक्याफुलक्या. एका साप्ताहिकात त्या अधूनमधून छापून यायच्या. ताईबद्दल तिनं कधी एक ओळ लिहिली नव्हती. घरातही दोघं तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. बोलायला गेलं की आप्पा उठून पाणी प्यायला जात.

मग एका दुपारी तो मॅनेजर चष्म्याच्या दुकानात आला.

धाकटीनं त्याला दारातच ओळखलं. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा, त्यानं तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. “वाचताना त्रास होतो हो,” तो म्हणाला. “वय झालं, दुसरं काय.” तिनं त्याला खुर्चीत बसवलं. हनुवटी टेकवायला सांगितली. दिव्याच्या उजेडात त्याचा डोळा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. तिनं एकेक भिंग बदललं. आता कसं दिसतं? आता? पहिलं बरं की दुसरं? तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा उत्तरं देत गेला.

चष्मा तयार झाल्यावर तो न्यायला आला. तिनं तो त्याच्या चेहऱ्यावर चढवला, दोन्ही काड्या कानांमागे नेल्या, डावी थोडी वाकवली. तिची बोटं त्याच्या कानशिलांवर होती. तिथली नस उडत होती. एवढा चेहरा हातात होता आणि तिनं काय केलं, तर पुन्हा काढून नाकावरची पट्टी सारखी केली, म्हणजे टोचायला नको.

“वा,” तो म्हणाला. “हात हलका आहे तुमचा. नाहीतर लोक कान सोलून काढतात.”

“काही त्रास झाला तर परत या,” धाकटी म्हणाली. हे वाक्य ती प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायची.

तो गेल्यावर तिनं आतल्या खोलीत जाऊन साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, “काय सांडलं गं?” धाकटीनं नळ बंद केला. तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. उद्धटपणे बोलला असता, भाव करत बसला असता. तो चांगला बोलला. आणि तिनं काम नेहमीसारखंच चोख केलं. वाकडा नंबर देणं तिच्या हातात होतं, आणि तिच्या हाताला ते सुचलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी तिनं गोष्ट लिहायला घेतली आणि जेवायच्या आत संपवली.

गोष्टीत एका हॉटेलचा मॅनेजर लिफ्टमध्ये शिरतो. त्याला खाली जायचं असतं. दार उघडतं ते तळघरातल्या लाँड्रीत. तो पुन्हा बटण दाबतो, पुन्हा लाँड्रीच. तिसऱ्यांदा दार उघडतं तेव्हा एक बाई आत येते. तिच्या कपड्यांतून पाणी गळत असतं, केसांतून गळत असतं, ती थंडीनं काकडत असते, आणि ती एक शब्द बोलत नाही, फक्त उलटी चालत चालत त्याच्या जवळ येते. गोष्टीच्या शेवटी दार उघडतं आणि मॅनेजर मागे पाऊल टाकतो.

साप्ताहिकाला गोष्ट आवडली. त्यानंतर रेडिओवरून फोन आला. वाचनाच्या कार्यक्रमात त्यांना ती घ्यायची होती. तिथल्या बाई हौशी होत्या. “अंगावर काटा आला हो! सुचली कशी?”

“आमच्या इमारतीतली लिफ्ट फार कुरकुरते,” धाकटी म्हणाली. ती राहायची त्या इमारतीला लिफ्टच नव्हती.

आप्पांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. ते वाचत नसत, तेव्हा कळायचं कारण नव्हतं. पण आरामखुर्ची दुरुस्तीला टाकून गेलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, की तुमच्या मुलीचं नाव रेडिओवर ऐकलं, आज दुपारी तिची गोष्ट आहे. धाकटी दुकानातून परत आली तेव्हा आप्पा खुर्चीच्या सांगाड्याशेजारी जमिनीवर बसले होते. रेडिओ बंद होता. ओठांत चूक नव्हती.

“ऐकली,” ते म्हणाले.

धाकटीनं पर्स खाली ठेवली. “कशी वाटली?”

“वाचणाऱ्या बाईचा आवाज चांगला होता.” मग म्हणाले, “तिचे कपडे ओले का होते गं?”

“कुणाचे?”

“तिचे.”

“भीती वाटावी म्हणून, आप्पा. ऐकणाऱ्याला.”

“अच्छा,” आप्पा म्हणाले आणि हातोडी उचलली. धाकटीला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं.

त्यानंतर आप्पा दुपारी घरी नसायला लागले. फोमवाल्याकडे गेलो होतो म्हणायचे, पाय मोकळे करायला म्हणायचे. आरामखुर्चीचं काम तसंच पडलं होतं, स्प्रिंगा उघड्या, पट्टे लोंबत. गिऱ्हाईक दोनदा येऊन कुरकुरून गेलं. कपाटातला ताईचा एक पोशाख आणि लोकरीचं जाकीट जागेवर नाही, हे धाकटीच्या लक्षात आलं. पण आप्पांनी ते कुणाला तरी देऊन टाकलं असेल असं समजून ती गप्प बसली. ताईचे कपडे देऊन टाकायला हवेतच, असं तिला आधीपासून वाटत होतं. तरी तिला ते लागलं.

मग एक दिवस धाकटीच्या दुकानात फोन आला. ताई काम करायची त्या हॉटेलच्या मागच्या गेटवरचा दरवान बोलत होता.

“तुमचे वडील रोज इथं येऊन बसतात ताई. कामगारांची पाळी सुटते ना, त्या वेळेला. कुणाला त्रास नाही त्यांचा. पण आज ऊन फार आहे, आणि उठा म्हटलं तर उठत नाहीत. नंबर त्यांच्या पिशवीवर लिहिलेला होता.”

धाकटी रिक्षा करून गेली. गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे सिमेंटचा बाक होता. त्यावर आप्पा ताठ बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. पाळी सुटलेली होती. बायका गेटमधून दोघी-तिघींनी बाहेर पडत होत्या, केस सारखे करत, बसची चौकशी करत. आप्पा प्रत्येकीकडे बघत होते.

“आप्पा, हे काय?”

“बस,” ते म्हणाले. तिला बघून त्यांना काही फार आश्चर्य वाटलं नाही.

ती बसली. पिशवीच्या तोंडातून जाकिटाची बाही दिसत होती. तिला कळायचं ते कळलं, पण तिनं विचारलंच, “यात काय आहे?”

“कोरडे कपडे,” आप्पा म्हणाले. “टॉवेलपण आहे.”

समोरून एक बस गेली.

“तुला वाटत असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं,” आप्पा म्हणाले. “तसं काही नाही. ती गेली हे मला ठाऊक आहे. तिला ओळखायला मीच गेलो होतो, तुला आत येऊ दिलं नव्हतं. पण तू लिहिलंस ना. तू शिकलेली पोरगी. उगाच का लिहिशील? म्हटलं, हिला काहीतरी दिसलं असणार. मला सांगायला धजत नसेल, म्हणून गोष्ट केली.” त्यांनी पिशवी जरा जवळ ओढली. “मला त्या माणसाचं काही नाही. पडेना का तो. पण पोर आलीच आहे, तर मग अशी भिजलेली किती वेळ फिरणार? काकडत होती म्हणून लिहिलंयस तू. आणि घरी का नाही आली? त्याच्यापर्यंत आली, मग आपल्यापर्यंत यायला काय झालं होतं?”

“आप्पा...”

“रागावली आहे का माझ्यावर? मी म्हटलं होतं तिला, दुसरी नोकरी बघ. जोर धरायला हवा होता.”

“आप्पा, मी रचलं ते.” धाकटीनं त्यांचा हात धरला. तळव्याला दाभणाचे घट्टे होते. “मला काही दिसलं नाही. काहीच नाही. ती माझ्या स्वप्नातसुद्धा येत नाही हो. मी झोपताना तिचं नाव घेऊन झोपते, तरी येत नाही.”

“मग लिहिलंस का?”

तेव्हा तिनं मॅनेजर दुकानात आल्याचं सांगितलं. खुर्ची, भिंगं, कानामागे नेलेल्या काड्या, नाकाची पट्टी, सगळं. आपला हात हलका आहे असं तो म्हणाला हेसुद्धा. ते सांगताना तिचा आवाज फाटला. गेटवरचा दरवान दुसरीकडे बघायला लागला.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. “कसे होते त्याचे डोळे?” त्यांनी विचारलं.

“साधे. कुणाचेही असतात तसे. उजव्याचा नंबर जास्त होता.”

“चष्मा नीट बसला?”

“बसला.”

“आणि त्याला काही झालं नाही.”

“नाही आप्पा. तो छान आहे. गोष्टीत पडला तेवढाच.”

आप्पांनी मान हलवली. बराच वेळ ते गेटकडे बघत राहिले. आता तिथून कुणी बाहेर येत नव्हतं. मग ते रडायला लागले. ताई गेली त्या दिवशी, चौकशीच्या दिवशी, नंतर कधीच धाकटीनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते आवाज न करता रडत होते आणि पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. धाकटीला वाटलं, इतके दिवस ताई आप्पांसाठी कुठंतरी होती, ओली का होईना, थंडीत का होईना, पण होती. आणि तिला तिथून काढून टाकणारं माणूस आपण आहोत.

“ती कुणाला मारणारी नव्हती गं,” आप्पा शेवटी म्हणाले. “तू तिला कशाला त्यात घातलंस?”

“माझ्याच्यानं काही झालं नाही म्हणून,” धाकटी म्हणाली.

दोघं बसनं घरी आले. त्यानंतर आप्पा तिकडे गेले नाहीत. ताईचे कपडे त्यांनी स्वतःच घड्या घालून कपाटात ठेवले.

काही महिन्यांनी धाकटीच्या गोष्टींचं पुस्तक निघायचं ठरलं. प्रकाशकाला हीच गोष्ट पहिली हवी होती. धाकटीनं ती काढून टाका म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, लोक तेवढ्यासाठीच पुस्तक घेतील म्हणाले. तिनं घरी विचारलं.

“असू दे,” आप्पा म्हणाले. “लोकांना आवडली तर असू दे. फक्त ते ओलं काढून टाक.”

तिनं काढलं. पाणी काढलं, थंडी काढली. प्रकाशकाचा संपादक म्हणाला की यानं गोष्टीतली भीती निम्मी झाली. धाकटी हो म्हणाली, आणि पुन्हा काही घातलं नाही. पुस्तक आलं, तिनं ते आप्पांना दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन त्याची बांधणी तपासली, पाठीवरचा डिंक अंगठ्यानं दाबून बघितला, आणि चांगलं केलंय म्हणून परत दिलं. आतली गोष्ट वाचून दाखव असं ते कधी म्हणाले नाहीत.

पण त्या सुमारास ते ताईबद्दल बोलायला लागले. आता ते पाणी प्यायला उठून जात नसत. सुट्टीच्या सकाळी धाकटी पुढच्या खोलीत काथ्या पिंजायला बसायची आणि आप्पा काम करता करता सांगायचे. ताई जन्मली तेव्हा आईनं तिला काथ्याच्या गादीवर ठेवायला कसा नकार दिला, रांगत येऊन ती चुकांच्या डब्यात कशी हात घालायची. धाकटीनं यातलं पुष्कळ कधीच ऐकलेलं नव्हतं. ती ते लिहून ठेवत नव्हती, नुसती ऐकत होती.

“आणि स्प्रिंग,” एकदा आप्पा हसत म्हणाले. “नुकती बोलायला लागली होती. तिला ना, स्प्रिंग म्हणता यायचं नाही. हातात घेऊन दाबायची, सोडायची, आणि स्वतःचाच एक शब्द केला होता तिनं. आम्ही दोघंही तेच म्हणायला लागलो होतो. तुझी आई तर गिऱ्हाइकासमोरसुद्धा तसं म्हणून गेली एकदा.”

“काय म्हणायची?” धाकटीनं विचारलं.

आप्पांनी तोंड उघडलं आणि थांबले.

“काहीतरी... पिं... नाही. तिंगू?” त्यांनी मान हलवली. “तिंगू नाही. थांब हं. आत्ता जिभेवर होतं.”

त्यांनी हातोडी खाली ठेवली, ओठांतल्या चुका काढून तळहातावर घेतल्या. समोरच्या सांगाड्यातली एक स्प्रिंग दोन बोटांत धरून दाबली आणि सोडली. पुन्हा दाबली. धाकटी काही सुचवू शकत नव्हती; तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता, आणि ज्या दोघींना तो शब्द माहीत होता त्या दोघी आता नव्हत्या.

“पिगी... पिंगी... श्या,” आप्पा म्हणाले. ते लहान मुलासारखे ओठ पुढे काढून एकेक आवाज करून बघत होते आणि प्रत्येक आवाजाला स्वतःच नाही म्हणत होते.

“आठवेल आप्पा,” धाकटी म्हणाली. “राहू दे आत्ता.”

“नाही, थांब,” ते म्हणाले. “थांब जरा.”

धाकटी हातातला काथ्या तसाच धरून त्यांच्याजवळ बसून राहिली.